काळे पडलेले सहा दात

दात बसवतो तो डॉक्टर; पण तो दात बनवतं कोण, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. पुंडलिकनगरात एका मेडिकलच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की अशी एक लॅब आहे. शहरातल्या आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या दवाखान्यांतून तिथं रोज डबे येतात. डब्यात कुणाच्या तरी जबड्याचा ठसा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. चार-सहा दिवसांनी त्याच डब्यातून दात परत जातात. मधल्या दिवसांत जे काही घडतं, त्यातलं भट्टीचं काम करुणा वाहुळ करते.

करुणा मूळची देवगाव रंगारीची. तिचे वडील कडूबा गावच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. लग्नसराईत ढोल आणि एरवी रानातली कामं. मुलगी अभ्यासात बरी निघाली, म्हणून त्यांनी तिला शहरात बीएस्सीला घातलं. तिनं रसायनशास्त्र घेतलं. दुसरं वर्ष संपताना चांगलं स्थळ आलं, लग्न झालं, आणि तिसरं वर्ष राहून गेलं. नवरा सुदर्शन वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला जातो, माणूस शांत, आणि भाकरी बायकोपेक्षा चांगल्या थापतो. पोरगी शाळेत जायला लागली तेव्हा करुणा घरी बसून कंटाळली. एक दिवस मेडिकलमध्ये औषध घ्यायला गेली, तर भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला : प्लास्टर कालवायला बाई पाहिजे. ती औषधाची पिशवी घेऊनच जिना चढली.

लॅबचे मालक राजेंद्र सर. त्यांनी विचारलं, "या कामातलं काय येतं?"

"या कामातलं काहीच येत नाही," करुणा म्हणाली. "पण पाणी किती आणि पावडर किती, हे सांगितलं तर तेवढंच घालीन. अंदाजानं नाही घालणार."

सरांना ते उत्तर आवडलं. आधीचा माणूस सगळं अंदाजानंच घालायचा.

याला आता नऊ वर्षं झाली. प्लास्टरवरून ती मेणावर आली, मेणावरून घासकामावर, आणि झिर्कोनियाचे दात करायचा जमाना आला तेव्हा लॅबनं जी नवी भट्टी घेतली ती करुणाच्या हवाली झाली. भट्टीला न घाबरणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

झिर्कोनिया म्हणजे एका धातूचं ऑक्साइड. लॅबमध्ये त्याची थाळीसारखी गोल चकती येते, खडूसारखी पांढरी आणि खडूइतकीच ठिसूळ. कॉम्प्युटरवर दात आखतात, मशीन त्या चकतीतून ते कोरून काढतं, आणि मग ते भट्टीत जातात. दीड हजार अंशांवर भाजले की खडूसारखे दात दगडाहून कठीण होतात आणि पाचव्या हिश्श्यानं आटतात. म्हणून मशीनवर ते मुद्दाम मोठे कोरावे लागतात.

भट्टीसोबत एक जाडजूड पुस्तिका आली होती. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी करुणा एकटीच. त्यात एका पानावर चौकटीत चार ओळी होत्या : या झिर्कोनियात थोडं यट्रियम, म्हणजे आणखी एक धातू, मिसळलेलं असतं, त्यामुळं स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. ते वाचल्यावर तिला कॉलेजच्या संध्या मॅडम आठवल्या. मॅडमनी एकदा वर्गात चिनी मातीच्या वाटीत झिंक ऑक्साइडची पांढरी पूड तापवून दाखवली होती. पूड बघता बघता लिंबासारखी पिवळी झाली, आणि निवल्यावर परत पांढरी. पोरी हसल्या होत्या. त्यांना ती जादू वाटली.

"जादू नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "उष्णतेनं थोडा ऑक्सिजन आपली जागा सोडून हवेत गेला. जाताना त्याचे इलेक्ट्रॉन मागंच राहिले. रंग दिसतो तो त्यांच्यामुळं. निवताना ऑक्सिजन परत आला, रंग गेला. पुस्तकात याला स्फटिकातला दोष म्हणतात. मला ते नाव पटत नाही. सगळ्या जागा भरलेला स्फटिक जगात कुठंच सापडत नाही, मग दोष कुणाला द्यायचा?"

करुणानं ते वाक्य वहीत लिहून घेतलं होतं, परीक्षेत येणार नाही हे माहीत असूनही.

पुस्तिकेतल्या चार ओळींचा अर्थ तिनं राजेंद्र सरांना समजावून सांगितला. शुद्ध झिर्कोनिया भाजला तर निवताना त्याची बैठक बदलते, तो फुगतो आणि तडकून त्याचा चुरा होतो. यट्रियमला ऑक्सिजन कमी लागतो. ते आत घातलं की काही जागा रिकाम्या राहतात, आणि त्या जागांमुळंच स्फटिक आहे त्या बैठकीत टिकून राहतो.

"म्हणजे आपण भोकं असलेला माल विकतो?" सरांनी घाबरून विचारलं.

"व्हय सर. भोकं आहेत म्हणून तर तो टिकतो."

सरांनी दोन दिवस विचार केला आणि मग तेच वाक्य दवाखान्या-दवाखान्यांत डॉक्टरांना ऐकवायला सुरुवात केली. करुणाचं नाव मात्र ते दर वेळी सांगत. माणूस तसा सरळ.

आता सांडूनानांबद्दल सांगायला हवं. देवगाव रंगारीच्या बँडचे ते क्लॅरिनेटवाले. करुणाच्या वडिलांचे जोडीदार. एकाचा ढोल, दुसऱ्याचं क्लॅरिनेट, असं दोघांनी आयुष्य काढलं. दरवर्षी चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत, सगळ्यांच्या पुढं नाना चालायचे. एकतीस वर्षं हा नेम चुकला नाही. करुणा लहानपणी त्यांच्या शेजारून चालायची ती त्यांच्या गालांकडं बघत. ते गाल फुगायचे तरी फुटायचे कसे नाहीत, याचं तिला नवल वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी खुलताबादच्या घाटात नाना मोटारसायकलवरून पडले. हातपाय वाचले, पण वरचे पुढचे चार दात गेले. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात त्याच्या तोंडावर टेकवून धरावे लागतात. खालच्या ओठावर फुंकेनं थरथरणारी वेताची पत्ती असते. दातच नाहीत म्हटल्यावर फुंक नुसती फुस्स जायची. नानांनी वाद्य पेटीत ठेवलं आणि पेटी फडताळावर. गावानं दोन वर्षं डीजे लावला. नाना मिरवणुकीला यायचे, पण मागून चालायचे.

या मार्चमध्ये कडूबा आणि नाना एसटीनं शहरात आले आणि थेट करुणाच्या घरी येऊन बसले. चहा झाला. नाना बराच वेळ टोपीशी खेळत राहिले. शेवटी कडूबाच म्हणाले, "पोरी, नाना लाजायलाय. त्याला दात पाहिजेत."

"त्यात लाजायचं काय, नाना?"

"खायला नकोत मला," नाना ओठाआडून म्हणाले. 'फ' आणि 'स' त्यांच्या तोंडून निसटायचे, त्यामुळं ते कमीच बोलत. "खातो मी चुरून. वाजवायला पाहिजेत. तसले मिळतात का तुझ्या कारखान्यात?"

करुणानं त्यांना डॉ. श्रेया यांच्या दवाखान्यात नेलं. तिशीतल्या हुशार डॉक्टर. त्यांनी तपासलं, बाजूचे दोन सुळे भक्कम आहेत म्हणाल्या. त्या दोन सुळ्यांचा आधार घेऊन मधले चार असा सहा दातांचा ब्रिज बसेल. "पण वाजवायचं ना, ते मला सांगता येत नाही," त्या मोकळेपणानं म्हणाल्या. "तिथं दात नेमके कसे हवेत, हे करुणाताई, तुम्हीच बघा."

ठसा लॅबमध्ये आला. करुणानं प्लास्टर ओतलं, आणि पांढऱ्या जबड्यातल्या रिकाम्या जागेकडं बघत बसली. देखणे दात आखणं अवघड नव्हतं. पण नानांचे मूळचे दात काही देखणे नव्हते. समोरचा डावा दात थोडा पुढं आलेला होता, एवढं तिला आठवत होतं. किती पुढं? फोटो शोधले, तर प्रत्येक फोटोत नानांच्या तोंडात क्लॅरिनेट.

तेव्हा तिच्या डोक्यात आलं. तिनं वडिलांना फोन करून सांगितलं, "नानांना म्हणावं, क्लॅरिनेटचं तोंड घेऊन या. जे ओठात धरतात, तेवढंच."

नानांनी ते फडक्यात गुंडाळून आणलं. काळ्या कडक रबराचं ते तोंड करुणानं भिंगाखाली धरलं. वरच्या बाजूला, जिथं दात टेकतात तिथं, दोन खोलगट खुणा होत्या. एकतीस वर्षं रोज त्याच जागी दात दाबून दाबून पडलेल्या. उजवी खूण उथळ, डावी खोल आणि थोडी पुढं. नानांचे गेलेले दात तिथं जसेच्या तसे लिहून ठेवलेले होते.

करुणानं त्या खुणांवर मऊ मेण दाबून ठसा काढला. लॅबमध्ये कॉम्प्युटरवर दात आखणारी मोनिका आहे. तिला शेजारी बसवून दोघींनी तीन दिवस त्या ठशाबरहुकूम दात जुळवले. डाव्या दाताची धार थोडी पुढं घेतली. मोनिका म्हणाली, "ताई, दिसायला वाकडं दिसंल." करुणा म्हणाली, "वाजायला सरळ वाजू दे."

मशीनमधून कोरून निघाले तेव्हा नाना बघायला हजर होतेच. पांढरेफटक, मोठाले सहा दात बघून ते हादरले.

"पोरी, हे घोड्याचे हायेत."

"भाजल्यावर लहान होतात नाना."

"किती लहान?"

"तुमच्याएवढे."

दहा एप्रिलला संध्याकाळी करुणानं ब्रिज भट्टीत ठेवला. या वेळी तिनं एक नवी गोष्ट केली. भट्टीच्या छताचा बारीक चुरा पडून मागच्या महिन्यात दोन दातांवर ठिपके उठले होते, म्हणून तिनं झाकणाची वाटी मागवली होती. ब्रिज त्या वाटीत ठेवला. लांब होता, कलंडू नये म्हणून खालच्या आधाराला नेहमीसारखा मेणानं चिकटवला. शेजारी उरल्या मालाचा करंगळीएवढा तुकडा ठेवला. तो ती दर खेपेला ठेवते, भाजणी कशी झाली हे तोडून बघायला. वर झाकण घट्ट बसवलं, भट्टी चालू केली आणि घरी गेली.

अकराला सकाळी भट्टी निवलेली होती. तिनं वाटी काढली, झाकण उचललं.

ब्रिज आटून अगदी नेमका झाला होता. पण रंग काळा करडा, शाळेच्या पाटीसारखा. सहाच्या सहा दात.

करुणा खुर्चीवर बसली. एवढ्या वर्षांत तिच्या भट्टीतून असं काही निघालं नव्हतं. मोनिकानं बघून तोंडावर हात ठेवला. राजेंद्र सर आले, त्यांनी ब्रिज उचलून खिडकीपाशी नेला, फिरवून बघितला, आणि हळूच परत ठेवला. रागावले नाहीत.

"दुसरा करू," ते म्हणाले. मग त्यांनाच आठवलं. "जाड चकती तर संपली. पुण्याहून यायला चार दिवस लागतील."

चार दिवस म्हणजे पंधरा तारीख.

"सर, मला दुपारपर्यंत वेळ द्या," करुणा म्हणाली. "मला आधी बघू द्या, हे काय झालंय."

तिनं वाटीतला तो करंगळीएवढा तुकडा घेतला. तोही काळाच. काजळी असती तर वरवर असती. तिनं हिऱ्याची कणी लावलेल्या करवतीनं तुकडा मधोमध कापला. आतही तसाच काळा, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा. म्हणजे वरून काही लागलं नव्हतं. आतूनच काहीतरी गेलं होतं.

काय गेलं असेल, हे कळायला तिला वेळ लागला नाही. हवेत भाजताना झिर्कोनियाला ऑक्सिजनची ददात नसते. पण वाटीवर झाकण होतं, घट्ट. आत मेण होतं. उघड्या ट्रेमध्ये मेण जळून हवेत निघून जातं, रोज जातं. इथं त्याला जायला वाट नव्हती. आतली हवा संपली आणि जळक्या मेणाचा कोळसा तिथंच राहिला. दीड हजार अंशांवर कोळशाला ऑक्सिजन हवा असतो, आणि आता तो होता फक्त दातांत. त्यानं तिथून ओढून घेतला. कंपनीनं मोजून ठेवलेल्या रिकाम्या जागांत आणखी कितीतरी जागांची भर पडली, आणि त्यांत अडकलेल्या इलेक्ट्रॉननी सगळा उजेड गिळून टाकला.

म्हणजे चूक भट्टीची नव्हती, मालाची नव्हती. तिचीच होती.

ती सरांच्या टेबलापाशी गेली. "सर, हे माझ्या हातून झालंय. झाकण लावलं आणि मेणही ठेवलं. दोन्ही एकत्र नको होतं."

"बरं," सर म्हणाले. "मग आता?"

"ऑक्सिजन गेलाय तो परत येऊ शकतो. वाट मोकळी ठेवून तापवलं तर."

"शकतो, का येतो?"

"तेच बघायचंय."

लॅबमध्ये दुसरी एक लहान भट्टी आहे, दातांवर चकाकी चढवायची. करुणानं कापलेल्या तुकड्याचा एक अर्धा तिच्यात ठेवला, उघड्या ट्रेवर, झाकण नाही, मेण नाही. हवा ओढून घेणारा पंप बंद ठेवला. हजार अंश लावले. दुसरा अर्धा तिनं टेबलावर ठेवला, ताडून बघायला.

दोन तासांनी भट्टी निवली आणि तिनं ट्रे बाहेर ओढला. तुकडा पांढरा होता. हस्तिदंती पांढरा, जसा व्हायला हवा होता तसाच. तिनं दोन्ही अर्धे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. एकाच तुकड्याचे दोन भाग आहेत यावर बघणाऱ्याचा विश्वास बसला नसता. तिला एकदम हसू आलं. संध्या मॅडम समोर असत्या तर तिनं त्यांना हात धरून तिथं आणलं असतं. मोनिका धावत आली, सर आले, प्लास्टरवाला कृष्णा हात तसेच भरलेले घेऊन आला, आणि सगळे त्या दोन तुकड्यांकडं बघत उभे राहिले.

"पण ताकद?" सरांनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता. "दात पांढरे झाले आणि वाजवताना तुटले, तर?"

करुणानं पांढरा झालेला अर्धा तुकडा पक्कडीत धरला आणि कृष्णाला दाबायला लावला. कृष्णाचा हात भरभक्कम. त्यानं दोन्ही हातांनी दाबलं, मग पक्कड भिंतीला टेकवून दाबलं. पक्कडीच्या दात्यांना चरे पडले, तुकडा तसाच राहिला. मग तिनं तो उजेडासमोर धरून भिंगातून बघितला. कुठं बारीकशी रेघ नव्हती.

आता ब्रिजची पाळी. एवढ्या लांब वस्तूला एकदम ऊब दिली तर तडा जाऊ शकतो, म्हणून तिनं तापमान अगदी सावकाश चढवायचं ठरवलं, आणि तितक्याच सावकाश उतरवायचं. त्याला सगळी दुपार लागणार होती. जेवायच्या सुट्टीतही ती उठली नाही. सुदर्शननं दिलेल्या भाकरीचा डबा तिनं भट्टीसमोर बसूनच खाल्ला.

मध्येच कडूबांचा फोन आला. "कामून गं, आवाज असा का येतो तुझा?"

"काय नाय दादा, काम चालूये."

"नानानं नवी पत्ती आणली. सकाळपासून वाटीत भिजत घातलीय. दर घंट्याला बघायलाय. काय सांगू त्याला?"

करुणानं भट्टीवरच्या आकड्याकडं बघितलं. सातशे ऐंशी. "सांगा, भिजू द्या म्हणावं."

पाच वाजता भट्टी उघडली. ब्रिज पांढरा झाला होता, जवळजवळ सगळा. हिरडीकडच्या जाड भागात मात्र करड्या रंगाची सावली राहिली होती. जाड जागी ऑक्सिजनला आत पोचायला वेळ लागतो. बारा तारखेला सकाळी तिनं त्याला आणखी चार तास दिले. सावली गेली. रंग चिठ्ठीवरच्या नमुन्यापेक्षा थोडासा पिवळा निघाला, एवढाच काय तो फरक. तिनं चकाकी चढवली, प्लास्टरच्या जबड्यावर बसवून बघितला, मेणाच्या ठशावर टेकवून बघितला. डावा दात त्या खोल खुणेत जाऊन थांबला.

तेराला दहा वाजता नाना दवाखान्यात खुर्चीवर आडवे झाले. कडूबा आणि करुणा शेजारी उभे. डॉ. श्रेयांनी ब्रिज बसवला, चावून बघायला कागद दिला, एका ठिकाणी केसभर घासलं, मग सिमेंट लावून पक्का केला. नानांच्या हातात आरसा दिला. नानांनी आरशात फार वेळ बघितलं नाही.

"जरा पिवळसर झालेत," करुणा म्हणाली.

"बराय ना. पांढरेफेक असते तर गाव म्हणलं असतं, म्हातारा नवरदेव व्हायलाय."

'नवरदेव' नाही, 'पांढरेफेक' हा शब्द ऐकून कडूबांनी मान वर केली. दोन वर्षांनी नानांच्या तोंडून 'फ' आला होता. नानांच्याही ते ध्यानात आलं. ते मुद्दाम म्हणाले, "फाफडा. फुगा. सासुरवाडी." डॉक्टर हसायला लागल्या.

"आज काही वाजवायचं नाही हं," त्यांनी बजावलं. "उद्या सकाळपर्यंत ताण द्यायचा नाही."

"वाजवत नाय. नुसतं धरून बघतो."

त्यांनी खिशातून फडकं काढलं, क्लॅरिनेटचं तोंड बाहेर घेतलं, डोळे मिटले आणि ते दातांखाली धरलं. बोटांनी थोडं फिरवलं, थोडं आत घेतलं. मग ते एका जागी थांबलं. नाना तसेच बसून राहिले, डोळे मिटलेले. गालावरून पाणी उतरलं ते त्यांनी पुसलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी ते बाहेर काढलं. "बसलं," एवढंच म्हणाले.

चौदा तारखेला देवगाव रंगारीत सकाळी विहारात वंदना झाली आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. डीजेची गाडी गावाबाहेरच्या पटांगणात उभी होती; पोरांनी सावधगिरी म्हणून सांगून ठेवली होती. करुणा पांढरी साडी नेसून सुदर्शन आणि पोरीबरोबर आली होती. दात बसणं वेगळं आणि तीन तास वाजणं वेगळं.

नाना निळा फेटा बांधून पुढं आले. त्यांनी क्लॅरिनेट जोडलं, पत्ती ओठांनी ओली केली आणि फुंकर मारली. पहिला सूर फाटला. गर्दीतून कुणीतरी हसलं. नानांनी वाद्य खाली घेतलं, ओठ चाटले, मान थोडी उजवीकडं कलती केली आणि परत फुंकलं. या वेळी सूर निघाला तो सरळ, भरदार, लांबच लांब. कडूबांनी ढोलावर थाप टाकली आणि सगळा बँड त्यांच्या मागं धावला. गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून माणसं उठून उभी राहिली. जी पोरं डीजेसाठी हटून बसली होती, ती सगळ्यांत आधी नाचायला लागली.

करुणा लहानपणी चालायची तशी नानांच्या शेजारून चालत होती. या वेळी गालांकडं तिचं लक्ष नव्हतं. ती दातांकडं बघत होती. पहिला चौक गेला, दुसरा गेला. तिसऱ्या चौकात नानांनी इतका वरचा सूर लावला की तिनं श्वास धरला. काही झालं नाही. मग तिनं बघायचं सोडून दिलं, पदर खोचला आणि बायकांच्या घोळक्यात शिरून नाचायला लागली. सुदर्शन पोरीच्या खांद्यावर हात ठेवून बघत राहिला. आपली बायको एवढी नाचते, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मिरवणूक संपायच्या आत गावभर झालं होतं, की कडूबाच्या पोरीनं नानाचे दात आधी काळे केले आणि मग पांढरे केले. कुणी सांगताना भट्टी मोठी करत होतं, कुणी गोष्टीत आणखी एक रात्र घालत होतं. करुणानं एक-दोघांना ऑक्सिजनचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. एक शाळेतली पोरगी, अपेक्षा नावाची, तेवढी नीट ऐकून घेत होती आणि मधेमधे प्रश्न विचारत होती. तिनं विचारलं, "आत्या, मंग ऑक्सिजन परत आला तो तोच व्हता का दुसरा?" हा प्रश्न करुणाला कधी पडला नव्हता. "दुसरा असणार," ती विचार करत म्हणाली. "हवेतला. जो जवळ होता तो." पोरीनं मान डोलावली आणि ते हातावर पेनानं लिहून घेतलं.

तेवढ्यात ऐंशीच्या घरातल्या चतुराबाई काठी टेकत आल्या. त्यांनी करुणाला दंडाला धरून दिव्याखाली ओढलं आणि तोंड उघडून दाखवलं. आत एक दात होता, तोही खालचा.

"आजी, मी डॉक्टर नाही," करुणा म्हणाली.

"म्हाईताय. बघ तर."

करुणानं बघितलं. मागं आणखी चार म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या होत्या, आपली पाळी कधी येते त्याची वाट बघत. सुदर्शननं घरून आणलेली पाण्याची बाटली आणि एक खुर्ची तिच्यासाठी आणून ठेवली, कारण काम बराच वेळ चालणार हे त्याला दिसत होतं. पुढच्या गल्लीत बँडनं नवं गाणं धरलं. करुणानं अपेक्षाला घरी पिटाळून वहीतलं एक पान मागवून घेतलं, खुर्चीवर बसली, आणि डॉ. श्रेयांकडं न्यायच्या यादीत पहिलं नाव लिहिलं : चतुराबाई.

"हं, आजी," ती म्हणाली. "आता मोठा आ करा."